‘वाघूळवेळ’चे दात

निर्मळच्या तळ्यावरून आत शिरलं, की केळीच्या दोन वाड्या ओलांडून ॲन्सेल्म तुस्कानोंचं घर. पत्ता विचारणाऱ्याला गावात कुणीही सांगायचं, "दातवाल्या ॲन्सेल्मकडे ना? सरळ जा. खर्र खर्र आवाज आला की थांबा." तो आवाज मागच्या पडवीतल्या पॉलिशच्या मशीनचा. त्या पडवीत बसून ॲन्सेल्मनी चाळीस वर्षं लोकांचे दात केले.

ते डॉक्टर नव्हते. तरुणपणी मुंबईत एका दंतवैद्याच्या हाताखाली कवळ्या बनवायला शिकले आणि मग घरीच लॅब टाकली. डॉक्टरांनी रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचं. ॲन्सेल्मनी त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायचा, मेणाची हिरडी चढवायची, एकेक दात बसवायचा आणि पक्की कवळी करून परत धाडायची. काम सगळं नजरेचं आणि बोटांचं. एखादा दात केसभर उंच राहिला तरी माणसाला घास चावता येत नाही, शब्द नीट उच्चारता येत नाही. ॲन्सेल्मच्या कवळीने ऊस खाता येतो, अशी त्यांची ख्याती होती. ती कानावर आली की ते म्हणत, "ऊस कशाला खायचाय या वयात? पण येतो खाता."

बोलणं एवढंच. माणूस मितभाषी. लग्नाला गेले की सगळे नवरानवरी बघत, हे पाहुण्यांचे दात बघत. घरी येताना बायकोला, फ्लॉसीला, सांगत, "तो निळ्या कोटातला होता ना, त्याचे वरचे चार माझे."

अशा माणसाचा सिनेमाशी काय संबंध? पण आला, आणि एकदा नाही, दोनदा आला.

पहिल्यांदा आला एक्क्याण्णव साली. कळंबच्या किनाऱ्यावर एका बंगल्यात ‘वाघूळवेळ’ नावाच्या मराठी भयपटाचं शूटिंग चाललं होतं. माणसांचं रक्त पिणाऱ्या एका जमीनदाराची गोष्ट. मुंबईहून आणलेले रक्तपिशाच्चाचे दात दर वाक्याला नटाच्या तोंडातून गळून वाळूत पडत होते. शूटिंग ठप्प झालं. बंगल्याची देखभाल करणारा गॉडफ्रे ॲन्सेल्मचा मावसभाऊ. त्याने दिग्दर्शकाला स्कूटरवर मागे बसवून थेट निर्मळला आणलं.

ॲन्सेल्मनी नटाच्या तोंडाचं माप घेतलं आणि दोन दिवसांत वरची एक पातळ पट्टी बनवली. नटाच्या खऱ्या दातांवर ती अशी चपखल बसली, की सुळे हिरडीतूनच उगवल्यासारखे वाटावेत. रंगही पांढराशुभ्र दिला नाही. मुळाशी थोडा पिवळा, टोकाला किंचित करडा, म्हाताऱ्या कुत्र्याच्या दातांचा असतो तसा. नटाने ती पट्टी लावून आरशात बघितलं आणि स्वतःच दोन पावलं मागे सरकला.

सिनेमा फार चालला नाही. समीक्षकांनी झोडपला. पण जयवंत सामंत नावाच्या एका नव्या समीक्षकाने लिहिलं होतं: ‘या चित्रपटातली हवेली पुठ्ठ्याची आहे, रक्त सरबताचं आहे आणि भीती उसनी आहे. खरे आहेत ते फक्त दात. ते कुणी बनवले ते पडद्यावर लिहिलेलं नाही. ज्याने बनवले त्याला माझा नमस्कार.’

ते कात्रण ॲन्सेल्मनी काचेत घालून लॅबच्या भिंतीवर लावलं. कुणी विचारलं तर दाखवत. कुणी नाही विचारलं तरी जबडा ओतायचं प्लास्टर सुकेपर्यंत त्यांची नजर तिकडे जाई. पुढे बत्तीस वर्षं गेली. मुलगी स्टेफी नर्स होऊन न्यूझीलंडला गेली, ती तिकडचीच झाली. डॉक्टरांचं काम हळूहळू कमी झालं. बरेच जण मशीनवर दात बनवणाऱ्या मोठ्या लॅबकडे वळले. शेवटी बोळिंजच्या डॉक्टर संपदा तेवढ्या राहिल्या. त्या मात्र नेमाने काम पाठवत. महिन्याला एक, कधी दोन.

दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात एक मुलगी स्कूटरवरून आली. तिशीतली, केस आखूड कापलेले, पाठीला भलीमोठी बॅग. म्हणाली, "नमस्कार काका, मी ऋतिका. बोळिंजला राहते. तुम्ही ‘वाघूळवेळ’चे दात केले होते ना?"

ॲन्सेल्मच्या हातातलं मेण हातातच राहिलं.

ऋतिकाने लहानपणी तो सिनेमा व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता आणि पुढे चार दिवस ती आईला चिकटून झोपली होती. आता ती दिग्दर्शक झाली होती. सहा वर्षं दारोदार फिरून तिने एक निर्माता मिळवला होता आणि ती ‘वाघूळवेळ’ नव्याने करणार होती. जुन्या सिनेमावर लिहिलेलं सगळं शोधताना तिला जयवंत सामंतांचं परीक्षण सापडलं होतं. मग कळंबच्या बंगल्यावर जाऊन गॉडफ्रेच्या मुलाकडून नाव आणि पत्ता.

"सगळे म्हणतात दात कॉम्प्युटरवर करू," ती म्हणाली. "मला ते नकोत. कॉम्प्युटरच्या दातांना कुणी घाबरत नाही. मला तुमच्या हातचे पाहिजेत. आणि या वेळी पडद्यावर तुमचं नाव जाईल."

फ्लॉसी चहा घेऊन आली होती. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ट्रे टेबलावर ठेवून काही न बोलता आत निघून गेली. ऋतिकाला वाटलं, म्हातारी लाजाळू आहे.

ॲन्सेल्मचा उजवा हात थरथरत होता, ही गोष्ट खरी. त्यांना ती ठाऊक नव्हती असं नाही. चहा ते अर्धाच कप घेत. सदऱ्याची बटणं फ्लॉसी लावून देई. पण अडुसष्टाव्या वर्षी कुणाचा हात थरथरत नाही? कामाला बसलं की मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरायचं, श्वास रोखायचा आणि दात टेकवायचा. जमत होतं. जमत नसतं तर संपदाताईंनी सांगितलं नसतं का? दोन वर्षांत त्यांच्याकडून एक कवळी परत आली नव्हती.

ते दात त्यांनी तीन आठवडे घासले. देवळात सजावट करावी तसं काम चाललं होतं. जेवायला हाक मारली तरी उठत नसत. शूटिंगच्या पहिल्या दिवशी ऋतिकाने गाडी पाठवली. पांढरा सदरा घालून ते कळंबला गेले. तिथे तिने सगळ्या युनिटला थांबवून त्यांची ओळख करून दिली, टाळ्या वाजवल्या आणि कॅमेऱ्याशेजारी खुर्ची दिली. नट तोंडात दात बसवून दोनतीनदा जीभ फिरवत राहिला, जबडा हलवत राहिला. ॲन्सेल्मनी विचारलं, "बोचतंय का?" त्याने ऋतिकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही अंकल, मस्त आहेत."

घरी येऊन त्यांनी फ्लॉसीला तो दिवस दोनदा सांगितला.

सिनेमा पुढच्या वर्षी ऑक्टोबरात लागला. शुक्रवारी सकाळी ॲन्सेल्म सायकल ढकलत नाक्यावर गेले आणि तीन वर्तमानपत्रं घेऊन आले. अंगणात खुर्ची टाकून बसले. फ्लॉसी विहिरीपाशी मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती.

पहिल्या पेपरात लिहिलं होतं: ‘मूळ चित्रपट गरिबीत बनला होता, पण अंगावर काटा आणत होता. या नव्या आवृत्तीत पैसा दिसतो, कॅमेरा दिसतो, मेहनतही दिसते. पण रक्तपिशाच्च तोंड उघडतं आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. दातांचा इतका गबाळा कारभार गावच्या गॅदरिंगलाही खपणार नाही.’

त्यांनी पेपर उलटा ठेवला. दुसरा उघडला. ‘दोन तारे. त्यातला एक समुद्राला.’ पुढे दातांवर एक अख्खा परिच्छेद होता. तो त्यांनी अर्ध्यावर सोडला.

"काय लिहिलंय?" फ्लॉसीने विचारलं.

"कॅमेरा चुकीचा लावलाय त्यांनी. खालून लावला की दात मोठे दिसतात."

दुपारपर्यंत ही टिंगल मोबाइलवर आली. एका मुलीने सिनेमाच्या परीक्षणाचा व्हिडिओ केला होता. त्यात तिने पिशाच्चाचं तोंड थांबवून मोठं करून दाखवलं आणि म्हणाली, "बघा मित्रांनो, एक सुळा चर्चगेटला चाललाय, दुसरा विरारला." संध्याकाळपर्यंत हे वाक्य सगळ्या वसईत फिरलं. तळ्याच्या काठावर बसलेली पोरं ॲन्सेल्म जवळून गेले तेव्हा गप्प झाली आणि ते पुढे गेल्यावर हसली. पडद्यावर त्यांचं नाव होतं ना. ‘दंतरचना: ॲन्सेल्म तुस्कानो, निर्मळ’. ऋतिकाने गावाचं नावही आवर्जून घातलं होतं.

शनिवारी दुपारच्या खेळाला ते फ्लॉसीला घेऊन विरारला गेले. ती नको म्हणत होती. "मला माझ्या डोळ्यांनी बघू दे," ते म्हणाले.

थिएटर निम्मं भरलं होतं. पहिली वीस मिनिटं लोक गुपचूप बघत होते. समुद्र छान टिपला होता, बंगल्यातला अंधारही. एका बाईने तर घाबरून शेजारणीचा हात धरला. मग पिशाच्च जिन्यावरून उतरलं आणि त्याने तोंड उघडलं.

ॲन्सेल्मनी पाहिलं. डावा सुळा उजव्यापेक्षा लांब होता, आणि बाहेरच्या बाजूला कललेला. पट्टी आणि हिरडी यांच्यामध्ये काळी फट होती. नट बोलायला लागला तशी पट्टी वरखाली सरकायला लागली. तो ‘रक्त’ म्हणाला ते ‘लक्त’ ऐकू आलं. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, कवळी सांभाळा!" आणि सगळं थिएटर हसत सुटलं. शेजारणीचा हात धरलेली बाई डोळे पुसत हसत होती.

त्यानंतर पिशाच्च जेव्हा जेव्हा आलं तेव्हा लोक आधीच हसायला लागले. ज्या प्रसंगात पोटच्या पोरीचं रक्त प्यायची वेळ येते आणि तो रडतो, त्या प्रसंगातही हसले. फ्लॉसीने ॲन्सेल्मचा हात धरला होता. तो तिच्या मुठीत हलत होता.

रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "नटाने दात उलटे लावले असणार. किंवा उन्हात ठेवले. ॲक्रिलिक तापलं की वाकतं."

फ्लॉसी म्हणाली, "हो, तसंच असेल."

रविवारच्या पुरवणीत जयवंत सामंतांचा लेख आला. तेहतीस वर्षांत ते मोठे समीक्षक झाले होते, आता आठवड्यातून एकदाच लिहीत. त्यांनी बाकीच्यांसारखी टिंगल केली नव्हती. त्यांनी लिहिलं होतं: ‘पहिल्या चित्रपटातल्या दातांना मी तरुणपणी नमस्कार केला होता. त्या अनाम कारागिराचं नाव परवा पडद्यावर पहिल्यांदा वाचलं आणि आनंद झाला. पुढच्या दोन तासांत तो मावळला. हे त्याच हाताचं काम आहे यावर विश्वास बसत नाही. आणि असेलच, तर तो हात आता थकला आहे. त्याच्या जवळच्या कुणीतरी त्याला हे वेळेवर सांगायला हवं होतं. एका तरुण मुलीची सहा वर्षं त्यात गेली.’

टवाळकी एक वेळ पचली असती. हे पचलं नाही. ॲन्सेल्मनी दुपारी कागद घेतला आणि संपादकांना पत्र लिहायला बसले. माझा हात थकलेला नाही, आजही डॉक्टर माझं काम घेतात, रोगी समाधानी आहेत, हवं तर चौकशी करा. अक्षर वेडंवाकडं येत होतं म्हणून तीन कागद फाडले. खाली डॉक्टरांची सही असली म्हणजे पत्राला वजन येईल, असं त्यांना वाटलं. सोमवारी सकाळी ते बोळिंजला संपदाताईंच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर संपदा चाळिशीच्या. वीस वर्षांपूर्वी दवाखाना टाकला तेव्हा त्यांची पहिली कवळी ॲन्सेल्मनीच केली होती. त्यांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग बाहेर बसलेल्या दोन रोग्यांना "पाच मिनिटं थांबा हं" म्हणून दार लावून घेतलं.

"काका, बसा."

"बसायला वेळ नाही. तुम्ही सही करा, मी पोस्टात टाकून घरी जातो."

"बसा ना."

त्यांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून पुठ्ठ्याचं एक खोकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. आत प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये कवळ्या होत्या. एकवीस.

"या कुणाच्या?" ॲन्सेल्मनी विचारलं.

संपदाताईंनी खोकं त्यांच्याकडे सरकवलं. ॲन्सेल्मनी एक पिशवी उचलली. आत चिठ्ठी होती. रोग्याचं नाव, तारीख, वरची-खालची. अक्षर त्यांचंच. त्यांनी कवळी काढून टेबलावर ठेवली. सपाट टेबलावर ती डुगडुगली. दुसरी काढली. तीही डुगडुगली. तिसरीचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढले होते, आणि हे कसं दिसलं नाही आपल्याला, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी बाकीच्या उघडल्याच नाहीत.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली, काका. पहिल्या दोनतीन मी इथेच घासून बसवल्या. नंतरच्या बसेचनात."

"मग रोग्यांना काय दिलंत?"

"दुसऱ्या लॅबमधून करून घेतल्या."

"मला का नाही सांगितलं?"

संपदाताईंनी खिडकीकडे बघितलं. "सांगणार होते. पण फ्लॉसीकाकू आल्या होत्या. म्हणाल्या, त्यांचं काम बंद करू नका. काम बंद झालं तर ते बसतील, आणि बसले तर उठणार नाहीत. मी म्हटलं, ठीक आहे, महिन्याला एखादी पाठवत जाईन. त्यात कुणाचं काय बिघडतंय, असं वाटलं." त्या थांबल्या. "सिनेमाचं मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. कळलं असतं तर बोलले असते."

ॲन्सेल्मनी कवळ्या पुन्हा पिशव्यांत भरल्या. एक पिशवी बंद होईना, तेव्हा संपदाताईंनी ती त्यांच्या हातातून घेऊन बंद केली. पत्र त्यांनी खिशात घातलं. दारापर्यंत गेल्यावर वळून विचारलं, "ती लॅब बरी आहे का? रोग्यांना त्रास नाही ना?"

"नाही काका. बरी आहे."

घरी आले तेव्हा फ्लॉसी ओटीवर गजरे करत होती. त्यांचा चेहरा बघून तिने दोरा खाली ठेवला.

"खोकं बघितलं," ते म्हणाले.

तिने गजरे परडीत ठेवले. मग म्हणाली, "स्टेफी गेली तेव्हा तुम्ही पंधरा दिवस तोंड उघडलं नव्हतं. फक्त मशीन चालवत होता. मशीन बंद झाल्यावर काय होईल ते मला माहीत होतं."

"ठीक. पण ती पोरगी आली तेव्हा? तेव्हा तरी बोलायचं होतंस."

"बोलायलाच आले होते मी, चहा घेऊन. तुमचं तोंड बघितलं." तिने पदराने तोंड पुसलं. "इतक्या वर्षांत तसं बघितलं नव्हतं. लग्नातसुद्धा नव्हतं. कशी बोलणार? तुम्हीच सांगा."

"गावात हसतात मला. ते राहू दे. तिचं काय? तिने सहा वर्षं घालवली."

"मला वाटलं, सिनेमातले खोटे दात. खोट्याला काय एवढं खरं लागतं."

हे मात्र त्यांना फार लागलं. चाळीस वर्षं एका घरात राहून बायकोला आपलं काम एवढंच कळलं, असं वाटलं.  ते आत जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

पुढच्या आठवड्यात वसईतल्या एका मोठ्या डॉक्टरने तपासलं. त्याने बोटं उघडमीट करायला लावली, कागदावर गोल काढायला लावलं, चालून दाखवायला लावलं. कंपवात आहे म्हणाला. तीनचार वर्षं तरी असावा. गोळ्यांनी थोडा ताब्यात राहील, बरा होणार नाही, वाढत जाईल. "चहाचा कप धरता येईल," तो म्हणाला. ॲन्सेल्मनी विचारलं, "मेण कोरायची सुरी?" डॉक्टरला प्रश्न कळला नाही. फ्लॉसीने समजावून सांगितला. तेव्हा त्याने मान हलवली.

त्यांनी ऋतिकाला फोन लावला. सिनेमा तोवर उतरला होता. दुसऱ्या शुक्रवारी एकाही थिएटरात नव्हता.

"माफ कर, पोरी," ते म्हणाले. "दात नटाने बिघडवले नाहीत. मीच वाईट केले होते."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, काका."

"मग?"

"तुम्ही खुर्चीवर बसला होतात. पांढरा सदरा घालून. सगळ्यांना मीच टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. नंतर म्हटलं, अंधारात शूट करू, एडिटिंगमध्ये झाकू. कॉम्प्युटरवर बदलायचं म्हटलं तर वेळच उरला नव्हता." ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "तुमचा एकट्याचा दोष नाही. मी दिग्दर्शक होते."

"आता काय करतेस?"

"एका मालिकेवर सहायक म्हणून लागलेय. सासू-सुनेची आहे. बरं चाललंय." मग म्हणाली, "ठेवते काका, शॉट लागलाय." त्यानंतर तिचा फोन आला नाही. त्यांनीही केला नाही.

जयवंत सामंतांना मात्र त्यांनी पत्र पाठवलं. आता स्वतः लिहिता येत नव्हतं. त्यांनी सांगितलं आणि फ्लॉसीने लिहून घेतलं. ‘तुम्ही लिहिलेलं बरोबर आहे. हात माझाच होता. मुलीला दोष देऊ नये. तिने बाकी सगळं चांगलं केलं होतं, लोक वीस मिनिटं घाबरले होते.’ उत्तर आलं नाही. पेपरातही काही छापून आलं नाही. सामंत तोवर दुसऱ्या एका सिनेमाबद्दल लिहीत होते.

लॅब डिसेंबरात मोडली. पॉलिशचं मशीन संपदाताईंच्या ओळखीच्या एका लॅबवाल्याने नेलं. भिंतीवरचं कात्रण त्यांनी स्वतः काढलं आणि कुठे ठेवलं ते फ्लॉसीला कधी कळलं नाही. पडवीत आता केळीचे घड पिकायला ठेवतात.

फ्लॉसीला ज्याची भीती होती ते झालं. ॲन्सेल्म बसले. सकाळी अंगणात खुर्चीत बसत, ऊन आलं की फ्लॉसी खुर्ची सावलीत सरकवी. स्टेफीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "डॅडी, मी येऊ का?" ते म्हणाले, "येऊन काय करशील?" हे त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं. खरोखरच विचारलं होतं.

फेब्रुवारीत एके सकाळी प्रिस्काबाय आली. वय ऐंशीच्या पुढे, भाजी विकायला अजून सायकलवाल्याच्या मागे बसून नाक्यावर जाणारी. रुमालातून तिने कवळी काढली. मधोमध तडकली होती.

"एकोणीस वर्षं चालली रे तुझी," ती बोळक्या तोंडाने म्हणाली. "काल पडली मोरीत. दे जोडून. नाहीतर नवी कर."

"प्रिस्काबाय, मी बंद केलं काम."

"ऐकलंय मी. मला सिनेमात नाही जायचं. मला भाकर खायचीय."

"हात चालत नाही माझा."

"मग जसा चालतो तशी कर. मी काय बोलणार नाही."

त्यांनी कवळी हातात घेतली. उलटून पाहिली. एकोणीस वर्षांत दात झिजले होते पण एक हलला नव्हता. आतल्या बाजूने अजूनही गुळगुळीत. त्यांनी ती दोन्ही हातांनी तिच्या रुमालात परत ठेवली.

"बोळिंजला संपदाताईंकडे जा. त्या चांगली करून देतील."

"तिथे जिना आहे."

"सुनेला घेऊन जा."

ती जरा वेळ उभी राहिली. तिला वाटलं असावं, अजून थोडं थांबलं तर हा ऐकेल. मग रुमालाची गाठ बांधून निघाली. फ्लॉसीने तिला वाडीच्या तोंडापर्यंत सोडलं.

सून तिला घेऊन गेली. मशीनने माप घेतलं, आठ दिवसांत नवी कवळी आली. प्रिस्काबायला ती रुतली, म्हणून तिने ती डब्यात ठेवून दिली आणि पेज प्यायला लागली. रविवारी चर्चमध्ये मिस्साला ती पुढच्या बाकावर बसे आणि गाणं सुरू झालं की तोंडावर रुमाल धरून गाई. ॲन्सेल्म तिच्या मागच्याच बाकावर असत.

दोन रविवार त्यांनी तिच्या त्या रुमालाकडे बघत काढले. तिसऱ्या रविवारी फ्लॉसीने सकाळी त्यांचा सदरा काढून ठेवला, तर ते म्हणाले, "मी संध्याकाळच्या मिस्साला जाईन."

"संध्याकाळी कोण असतं?"

"कुणी नसतं," ते म्हणाले आणि खुर्ची भिंतीकडे सरकवून बसले.